सप्टेंबरअखेर स्पिती: ठाण्याहून स्वतःची सीएनजी गाडी न्यावी का? १४ दिवसांचा आराखडा तपासून हवा

घोडबंदर_पातलीपाडा

नमस्कार मंडळी. गणपती उठले की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलच्या स्पितीला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: मी, बायको, मुलगा (१३) आणि आई (६४, रक्तदाबाची गोळी रोज चालू). गाडी १.२ लिटरची, पेट्रोल-सीएनजी, चार वर्षं जुनी, ४६ हजार किलोमीटर झालेली. रजा १४ दिवस, त्याच्या पुढे एकही नाही.

आराखडा असा केलाय: ठाणे–उदयपूर, उदयपूर–जयपूर, जयपूर–चंदीगड, चंदीगड–मनाली, मनाली–चंद्रताल (तंबूत मुक्काम), चंद्रताल–काझा, काझात एक दिवस (की मठ, किब्बर, लांगझा, हिक्किम सगळं), काझा–कल्पा, कल्पा–शिमला, शिमला–चंदीगड आणि आलो तसे परत. तेरा दिवस होतात, एक हातात राहतो.

विचारायचंय ते एवढंच:
१) ही गाडी तिथे चालेल का? काय बदलून घ्यावं?
२) मनालीकडून शिरावं की शिमल्याकडून?
३) आईला नेणं योग्य आहे का? आम्ही सगळे दर रविवारी येऊरला चालायला जातो, आईसुद्धा.
४) पेट्रोलचे कॅन सोबत लागतील का?

---

पारसिक_पायथा

दादा, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शिमल्याकडून शिरा, मनालीकडून बाहेर पडा. तुमचा आराखडा नेमका उलटा आहे.

उंचीचे आकडे मांडून बघा. मनाली साधारण २,०५० मीटर. चंद्रताल ४,२५० च्या वर. म्हणजे एका दिवसात झोपायची जागा २,२०० मीटरनी वर जाते. गिर्यारोहणात सर्रास पाळला जाणारा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री मात्र खाली. तुमच्या आराखड्यात पहिलीच उंच रात्र सगळ्या प्रवासातली सर्वांत उंच रात्र आहे, तीही तंबूत. तिथून दवाखाना गाठायचा तर एक तर ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडून काझाला जा, नाहीतर बाताल ते ग्राम्फू हा दगडगोट्यांचा रस्ता अंधारात तुडवा.

शिमल्याकडून चढण आपोआप हळू होते. नारकंडा साधारण २,७००, कल्पा २,९६०, ताबो ३,२८०, काझा ३,६५० च्या आसपास. पायऱ्यांसारखं आहे. फक्त एक पायरी चुकते, ती नाको. बहुतेक सहलवाले कल्पानंतर नाकोला मुक्काम देतात. नाको ३,६६० मीटर, म्हणजे एका रात्रीत ७०० मीटर. तळं सुंदर आहे, जेवायला थांबा, तासभर फिरा, आणि झोपायला खाली ताबोला उतरा. कल्पा ते ताबो साधारण १७० किलोमीटर, पण सात-आठ तास धरा. सकाळी सातला निघालात तर उजेडात पोचता.

दुसरी गोष्ट दिवसांची. ठाणे ते चंदीगड १,६०० किलोमीटरच्या वर. जाताना तीन दिवस, येताना मनालीहून चार. चौदातले सात दिवस सपाटीवर गाडी हाकण्यात गेले. उरले सात, आणि त्यात काझाला एकच दिवस! की, किब्बर, चिचम एका बाजूला आहेत. लांगझा, हिक्किम, कोमिक दुसऱ्या डोंगरावर. एका दिवसात सगळं केलं तर बघणं होत नाही, नुसती हजेरी लागते. शिवाय त्या दिवशी ४,५०० च्या वर जाऊन यायचं, तेही आदल्याच दिवशी पोचलेल्या माणसांनी.

आणि मोकळा दिवस शेवटी ठेवून उपयोग नसतो, तो दरीत असताना हाताशी लागतो. वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यात दरड पडली की रस्ता सहा तास बंद राहील की दोन दिवस, ते डोंगर ठरवतो. २०२३ च्या जुलैत अवेळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक अडकले होते. जुलैत! तुम्ही तर सप्टेंबरअखेर जाताय.

माझं मत स्पष्ट आहे: १४ दिवसांत जायचं असेल तर गाडी ठाण्यात राहू द्या. विमानाने किंवा रेल्वेने चंदीगड गाठा आणि तिथून हिमाचलची नोंदणी असलेली उंच गाडी चालकासकट घ्या.

---

वागळे_चेंबर

गाडीबद्दल बोलतो. न्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण नेणार असाल तर हे नीट वाचा.

सीएनजीची टाकी हीच पहिली अडचण. रिकामी टाकीसुद्धा पन्नास-साठ किलोची असते, ती मागच्या चाकांवर बसते. चार माणसं आणि सामान भरलं की मागची बाजू दबते. पुस्तिकेत जमिनीपासूनची उंची १६५-१७० मिलिमीटर लिहिलेली असते, ती रिकाम्या गाडीची. भरल्यावर त्यातले तीन-चार सेंटीमीटर गेलेच म्हणून समजा. बाताल ते ग्राम्फू हा साधारण ५० किलोमीटरचा तुकडा म्हणजे नदीच्या पात्रातून काढलेली वाट आहे. तिथे मुठीएवढे नाही, डोक्याएवढे दगड असतात. चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) खालून फटका बसला की ऑइल गळतं, आणि ऑइलचा दिवा लागल्यावर दोन किलोमीटर जरी इंजिन चालवलं तरी ते जाम. म्हणून चेंबरखाली लोखंडी पत्रा बसवल्याशिवाय तिथे जाऊच नका. प्लास्टिकचं कव्हर येतं ते चिखलासाठी, दगडासाठी नाही.

सीएनजी स्पितीत मिळत नाही. वर पूर्णवेळ पेट्रोलवर चालवायची आहे, तर ठाण्यात असतानाच महिनाभर आधी दोन टाक्या पेट्रोलवर चालवून बघा. कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर चिकटलेले असतात, पंप सुस्त झालेला असतो. हे घोडबंदर रोडवर कळलेलं बरं, लोसरला नको.

आता ताकद. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कुंझुमला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो. म्हणजे ८२ अश्वशक्तीचं इंजिन तिथे पन्नासच्याही खाली येतं. चौघं बसलेली, चढ, सैल खडी: लोक काय करतात, अर्धा क्लच दाबून रेस देतात. पाच मिनिटांत जळका वास येतो आणि प्लेट जाते. तिथे एसी बंद, पहिला गिअर, पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. गाडी थांबलीच तर सरळ मागे घेऊन सपाट जागेवरून पुन्हा उठवा. ४६ हजार झालेत, त्यातले बरेच घोडबंदरच्या वाहतुकीत अर्ध्या क्लचवर गेले असणार. प्लेट तपासून घ्या, शंका असेल तर बदला.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सगळं काढून नवं भरा, नुसतं वरून टाकू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत जरा जास्तच. डॉट ४ चं ताजं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. ओल शोषलेल्याची हीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून आलात की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल भसकन आत जातं. उतारावर गिअर तोच ठेवा ज्याने तोच चढ चढला असता.

टायरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की वर जाताना हवा बरीच कमी करायची. हिशोब असा: बाहेरचा दाब घटल्यामुळे कुंझुमला मीटर सहा पौंड जास्त दाखवतो. पण ठाण्यातल्या ३० अंशांवरून तिथे ५ अंशांवर गेलात की थंडीने चारेक पौंड उतरतात. निव्वळ फरक दोन-अडीच पौंडांचा. काझात सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. झालं. कमी हवेवर दगडांतून गेलात तर टायरची बाजू रिम आणि दगडात चिमटून फाटते, आणि बाजू फाटलेल्या टायरला दोरी-पंक्चर चालत नाही. आणि हो, वर हवा काढली असेल तर मनालीला उतरल्यावर पुन्हा भरा.

सीएनजी गाडीत स्टेपनी टाकीखाली अडकलेली असते. सामान भरल्यावर ती बाहेर काढायला किती वेळ लागतो ते एकदा घरी करून बघा. जॅकखाली ठेवायला एक फूटभर लाकडी फळी हवीच, नाहीतर जॅक वाळूत रुततो.

सोबत: पंक्चरच्या दोऱ्या आणि बारा व्होल्टचा पंप, ओढायचा दोर शॅकलसकट (दोर अडकवायची लोखंडी कडी), एक लिटर इंजिन ऑइल, एक लिटर कूलंट, फ्यूज, फॅनबेल्ट, एअर फिल्टर, लांब दांड्याचा पाना, मजबूत तार, एम-सील आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी. हसू नका, पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर तिथे ओला साबण दाबून बसवतात. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. चेंबरला मात्र साबण नाही, एम-सील. आणि जागा कोरडी, तेलकटपणा पुसलेली हवी, नाहीतर तो धरत नाही. बॅटरी तीन वर्षांवर गेली असेल तर नवी टाका.

पेट्रोलचे कॅन नकोत. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी भरा, काझा तिथून साधारण २०० किलोमीटर. काझात पंप आहे. काझाहून चंद्रतालसह मनाली सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रस्ता खराब म्हणून लिटरला १० धरलात तरी २५ लिटर. तुमची टाकी ३५ च्या पुढे असणार. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल, तेही बंद गाडीत मुलासोबत, मुळीच नको. उंचीवर कॅन फुगतो आणि झाकणातून वाफ सुटते. फक्त काझातून निघताना टाकी पूर्ण भरा, आदल्या संध्याकाळीच. सकाळी वीज नाही म्हणून पंप उशिरा चालू झाला असं नको. टंडीचा पंप केलाँगच्या वाटेवर आहे, तुमच्या वाटेवर नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

---

नौपाडा_दवाखाना

आईंबद्दल. वय ६४ किंवा रक्तदाब हे एकट्याने नाही म्हणायचं कारण नाही. रक्तदाब गोळीने ताब्यात असेल, चालताना छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल तर नेता येतं. पण आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि जायच्या उंचीचे आकडे लिहून द्या. नुसतं 'हिमाचलला जातोय' म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यासमोर शिमला येतं. गोळी कोणती आहे यानेही फरक पडतो: काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि विरळ हवेत शरीराला ठोके वाढवावेच लागतात; काही गोळ्यांनी लघवी जास्त होऊन पाणी कमी होतं. बदल डॉक्टरच करतील. स्वतःहून गोळी बंद करू नका.

येऊरचं चालणं चांगलंच आहे, पण त्याने विरळ हवेची सवय होत नाही. सवय होते ती फक्त वर राहून. तंदुरुस्त माणसाला हा त्रास कमी होतो असंही नाही. उलट तरुण मुलं पहिल्या दिवशी उड्या मारतात आणि रात्री आडवी होतात. मुलाकडे आईइतकंच लक्ष ठेवा. तेरा वर्षांचा मुलगा 'मला काही होत नाही' म्हणून लपवतो.

साधा त्रास म्हणजे डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं. यावर नियम एकच: त्रास असेपर्यंत आणखी वर जायचं नाही. पॅरासिटामॉल, पाणी, आराम. एका दिवसात उतरलं तर पुढे चला.

धोक्याची खूण वेगळी असते. बसल्या जागी दम लागणं, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी. हे बहुधा दुसऱ्या रात्री सुरू होतं, म्हणून पहिली रात्र बरी गेली की निर्धास्त होऊ नका. दुसरी खूण मेंदूची: बोलण्यात गोंधळ, तोल जाणं. जमिनीवर सरळ रेघ धरून टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर थांबायचं नाही, त्याच क्षणी खाली.

आणि इथे स्पितीची अडचण लक्षात घ्या, नकाशावर ती दिसत नाही. काझाहून मनाली जवळ वाटतं, पण ती वाट आधी कुंझुमवर, म्हणजे ९०० मीटर वर चढते. आजारी माणसाला त्या वाटेने कधीही नेऊ नका. काझाच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि उतरायचं तर ताबो, पूह, रेकाँग पिओ या बाजूने. ताबो काझापेक्षा पावणेचारशे मीटरच खाली आहे, त्यामुळे तिथे थांबून पुरेल असं गृहीत धरू नका. उलट चंद्रतालला त्रास झाला तर कुंझुमकडे वळू नका, बाताल, छतरू, कोकसर या बाजूने खाली या.

अॅसिटाझोलामाइडची गोळी विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची ॲलर्जी आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, आईंच्या चालू गोळीशी जमते का, हे डॉक्टरांना विचारूनच. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. ही गोळी चढायचा परवाना नाही. ती घेऊनही उंचीचा नियम पाळायचाच.

बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र नेता आहात असं गृहीत धरतो. काझात ८५ ते ९० दिसणं नव्याने पोचलेल्या माणसात सामान्य आहे. ठाण्यातला ९८ तिथे शोधू नका. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. आणि ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या जिवावर चंद्रतालला रात्र काढायचं धाडस नको. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले तीन-चार दिवस पूर्ण बंद.

---

ऐरोली_खाडीपूल

पारसिक काकांशी बाकी सगळं पटतं, पण स्वतःची गाडी मुळीच नको असं नाही. दिवस १८ असतील तर न्यावी. दिल्लीत शिरायची गरज नाही: जयपूरच्या पुढे कोटपुतळीहून नारनौलकडे वळा आणि १५२ डी हा महामार्ग धरा, तो इस्माइलाबादजवळ सोडतो, तिथून अंबाला-चंदीगड. आणि ठाण्याहून पहाटे चारच्या आत घोडबंदर पार करून फाउंटनला महामार्गाला लागा, नाहीतर गायमुखच्या घाटात पहिला तास जातो. उदयपूर उजेडात गाठायचं तर ही चारची वेळ पाळावीच लागते.

पण १४ दिवसांत, या गाडीने, आईंना घेऊन? नाही. इथे काकांच्याच बाजूने.

गाडी कोणाचीही असो, रस्त्यावरून वाहणारे नाले माहिती हवेत, कारण चालक घाई करत असेल तर त्याला थांबवायचं काम तुमचं. हे नाले हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याचे. रात्री गोठतात, सकाळी पाणी कमी, ऊन चढलं की दुपारी दोन-तीनला सर्वांत जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी बंपरवर येतो. सप्टेंबरअखेर पाणी बरंच उतरलेलं असतं, पण दुसरी अडचण सुरू होते: सावलीतल्या वळणावर रात्री वाहिलेल्या पाण्याचा बर्फ. काळ्या डांबरावर तो दिसत नाही. म्हणून 'जितकं लवकर तितकं चांगलं' हे जुलैचं गणित सप्टेंबरअखेर जसंच्या तसं लावू नका. कुंझुमच्या दोन्ही बाजूंची वळणं नऊच्या सुमारास, ऊन पडल्यावर. आणि बातालच्या पुढचे नाले दुपारच्या आत.

नाल्यात उतरायच्या आधी थांबा. समोरची गाडी कुठून गेली ते बघा, चाक कुठे बुडालं, कुठे उसळलं. पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर थांबून राहा, आवाज येतो म्हणजे पाणी दगड हलवतंय. पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये क्लच नाही, गिअर बदलणं नाही. वेगात घुसलं की लाट बोनेटवर येते आणि एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात. मध्येच बंद पडली आणि पाणी वर असेल तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. दोर लावून ओढून घ्या. पार झाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

रात्री उण्यात तापमान जातं तेव्हा ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवलात तर सकाळी पॅड चिकटलेले असतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

---

घोडबंदर_पातलीपाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी न्यायची नाही हे पक्कं. उलट बाजूनेच जाऊ. विमानाने सकाळी चंदीगडला पोचायचं धरून नवा आराखडा:

१: चंदीगड–नारकंडा
२: नारकंडा–कल्पा
३: कल्पातच
४: कल्पा–नाको (जेवण)–ताबो
५: ताबो–धनकर–काझा
६: की, किब्बर, चिचम
७: लांगझा, हिक्किम, कोमिक
८: पिन खोरं, मुक्काम काझा
९: काझा–कुंझुम–चंद्रताल
१०: चंद्रताल–मनाली
११, १२: मोकळे
१३: मनाली–चंदीगड
१४: ठाणे

नववा दिवस आईसाठी ठीक आहे का? आणि भाड्याच्या गाडीच्या चालकाशी काय काय ठरवावं? परवाने लागतात का?

---

कोपरखैरणे_सेक्टर१९

परवाना भारतीयांना लागत नाही. परदेशी पाहुण्यांना किन्नौर-स्पितीच्या सीमेलगतच्या भागासाठी लागतो. सुमदोच्या चौकीवर ओळखपत्र बघून नोंद होऊ शकते, चौघांच्या आधारच्या दोन-दोन छायाप्रती हाताशी ठेवा. अटल बोगद्याने उतरणार, रोहतांग खिंडीवर जाणार नसाल तर रोहतांगचा परवानाही नको.

चालकाशी फोनवर नाही, लिहून ठरवा: चंद्रताल धरलंय का (बरेच जण बातालला पोचल्यावर वेगळे पैसे मागतात), पिन आणि कोमिकचं फिरणं धरलंय का, रस्ता बंद झाला तर थांबण्याचा दिवसाचा दर काय, कुंझुम बंद झाला तर आल्या वाटेने शिमल्याकडून परत यायचा दर काय. हा शेवटचा मुद्दा सप्टेंबरअखेर विसरू नका. स्टेपनीचा टायर निघण्यापूर्वी स्वतः बघा. रात्री गाडी चालवायची नाही हेही आधीच सांगा.

रोख रक्कम रेकाँग पिओला काढून घ्या. काझात एटीएम आहे, पण नेटवर्क गेलं की एटीएम आणि यूपीआय दोन्ही एकदम बंद. बीएसएनएलचं एक सिम असू द्या. काझा सोडलं की लोसरपासून कोकसरपर्यंत फोनवर विसंबू नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दीड दिवस फोन लागणार नाही.

भात आवडणाऱ्यांसाठी: वर पाणी ८५-८८ अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात तांदूळ शिजत नाही. आईंना मऊ लागत असेल तर थुक्पा (नूडल्सचं सूप) किंवा कुकरमधली खिचडी मागा.

---

पारसिक_पायथा

नवा आराखडा चांगला झालाय. तीन दुरुस्त्या.

तिसऱ्या दिवशी कल्पात नुसतं बसू नका. सांगला खोऱ्यातून छितकुलला जाऊन परत या. छितकुल ३,४५० मीटर आहे. दिवसा वर जाऊन रात्री २,९६० ला झोपणं ही सर्वांत चांगली सवय. मात्र पाऊस असेल तर ते सोडा. २५ जुलै २०२१ ला याच खोऱ्यात बटसेरीजवळ दगड कोसळून नऊ पर्यटक गेले, आणि सतराच दिवसांनी ११ ऑगस्टला निगुलसरीला दरड महामार्गावर आली. रस्त्यावर ताजे, टोकदार, धुळीत पडलेले दगड दिसले की ती जागा न थांबता पार करायची. फोटोसाठी कड्याखाली गाडी लावायची नाही, चालकाने थांबवली तरी उतरायचं नाही.

सहावा आणि सातवा दिवस आहे त्याच क्रमाने ठेवा. की मठ ४,१६६, किब्बर ४,२७०, कोमिक जवळपास ४,६००. आधी कमी, मग जास्त. कोमिकला तासाभरापेक्षा जास्त थांबू नका. आठव्या दिवशी कोणाचं डोकं दुखत असेल तर पुढे जाऊ नका, काझातच राहा. ताबोला मात्र सकाळचे दोन तास ठेवा. इसवी सन ९९६ चा मठ आहे, आतली मातीची शिल्पं आणि भिंतींवरची चित्रं बघायला विजेरी न्या. आत छायाचित्रं काढू देत नाहीत, त्यामुळे डोळ्यांनीच बघायचं.

नववा दिवस. तोपर्यंत तुमच्या चार रात्री काझात झालेल्या असतील, तेव्हा आईंना ४,२५० वर एक रात्र शरीराच्या दृष्टीने जमू शकते. अडचण थंडीची आणि रात्री तंबूतून उठून बाहेर जाण्याची आहे. शिवाय सप्टेंबर संपता संपता तिथले तंबू उठायला लागतात, तळ्याच्या काठावर तर मुक्कामाला बंदीच आहे, तंबू दोनेक किलोमीटर अलीकडे असतात. म्हणून मी असं करेन: आठव्या दिवशी पिनऐवजी दुपारनंतर लोसरला जाऊन मुक्काम करा. लोसर साधारण ४,०८० मीटर, पक्क्या भिंतींची घरं, शेगडी. नवव्या दिवशी आठला निघा, नऊच्या सुमारास कुंझुम, तिथे देवळाला गाडीने उजवी प्रदक्षिणा घालायची रीत आहे, ती घालून खाली उतरा. बातालच्या अलीकडे चंद्रतालचा फाटा, १२-१४ किलोमीटर आत. तळं बघून दुपारी बारापर्यंत फाट्यावर परत आलात तर उजेडात कोकसर, तिथून बोगद्याने तासाभरात मनाली. बारा वाजून गेले तर पुढे जायची घाई नको, बातालला ढाब्यांवर राहायची सोय होते, सकाळी निघा. मोकळे दोन दिवस त्यासाठीच आहेत.

आणि लोसरला पोचल्यावर सगळ्यात आधी चौकीवर आणि मनालीकडून आलेल्या चालकांना विचारा, आज कुंझुम कसा आहे. संध्याकाळी खिंडीवर ढग बसलेला दिसला आणि वारा पडला असेल तर सकाळी बर्फ असू शकतो. तसं झालं तर लोसरहूनच मागे फिरा, काझाला, आणि शिमल्याच्या वाटेने उतरा. काझा ते चंदीगड त्या वाटेने तीन दिवस लागतात, आणि तुमच्या तारखांत ते बसतात.

---

घोडबंदर_पातलीपाडा

लोसरचा मुक्काम पक्का. आईच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे, उंचीचे आकडे कागदावर लिहून नेतोय. चालकाशी बोलताना कुंझुम बंद झाल्यास शिमल्यामार्गे परतीचा दर पहिल्याच ओळीत घालतो.